वेणीचा हक्क

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या गावात दोन-तीन महिन्यांनी एक फेरीवाली येते. डोक्यावर पाटी आणि पाटीत स्टीलची भांडी. ‘केसावर भांडीऽऽ’ अशी तिची आरोळी आली, की आई देवळीतली पुरचुंडी काढते. विंचरताना फणीत आलेला गुंतवळ आमच्याकडे टाकून देत नाहीत. त्यावर एखादी वाटी नाहीतर दोन चमचे मिळतात. हे केस पुढे कुठे जातात, असे मी लहानपणी आईला विचारले होते. ती म्हणाली, “जात असतील कुठंतरी. तुला वाटी मिळाली न्हवं?”

ते कुठे जातात, हे मला कॉलेजात आल्यावर कळले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे असल्या पुष्कळ गोष्टी मला येथेच कळत आहेत. केसांचा धंदा जगभर चालतो. त्यांचे टोप होतात, गंगावने होतात. तिरुपतीला भाविक जे लांब केस अर्पण करतात त्यांचाही लिलाव होतो, आणि ते सातासमुद्रापार जातात. अमेरिकेत ही गंगावने विकत घेणाऱ्यांत तेथील कृष्णवर्णीय स्त्रियांची संख्या मोठी आहे. (आपल्या जुन्या मराठी पुस्तकांत त्यांच्यासाठी ‘निग्रो’ हा शब्द सर्रास येतो. तो आता अपमानाचा मानला जातो, म्हणून मी तो वापरत नाही.) ख्रिस रॉक नावाच्या विनोदी नटाने २००९ साली ‘गुड हेअर’ हा माहितीपट काढला. त्याच्या लहान मुलीने त्याला विचारले होते, की माझे केस ‘चांगले’ का नाहीत? त्या प्रश्नाचे उत्तर शोधत तो थेट आपल्या देशात तिरुपतीपर्यंत आला.

मुलीच्या प्रश्नातला ‘चांगले’ हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीत ‘चांगले केस’ म्हणजे सरळ, मऊ, गोऱ्यांच्या केसांच्या जवळ जाणारे केस. जन्मतःच दाट कुरळे आलेले केस ते ‘वाईट’. आता, केस चांगले किंवा वाईट असतील कसे? ते काय कोणाचे कर्ज बुडवतात? पण हा शब्द आईच्या तोंडून मुलीच्या कानात पिढ्यान्‌पिढ्या पडत आला आहे. त्याचे मूळ गुलामगिरीत आहे.

आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांच्या घरी केशरचनेची मोठी परंपरा होती. डोक्याला चिकटून गुंफलेल्या बारीक वेण्यांवरून माणसाचे कुळ, वय, लग्न झाले की नाही, हे ओळखू येत असे. गुलामीत फणी गेली, तेल गेले, निवांतपणा तर गेलाच. उरले ते डोक्याला गुंडाळलेले फडके. या फडक्याचीही एक गोष्ट आहे. लुइझियाना प्रांत स्पेनच्या ताब्यात असताना तेथील गव्हर्नर मिरो याने १७८६ साली एक हुकूम काढला. गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय व मिश्रवंशीय स्त्रिया केसांत दागिने व पिसे घालून रस्त्याने हिंडत, आणि त्या फार उठून दिसत. हुकूम असा, की या स्त्रियांनी डोक्याला फडके बांधूनच बाहेर पडावे, म्हणजे त्यांची पायरी ओळखू येईल. स्त्रियांनी हुकूम पाळला. मात्र फडकी घेतली ती रंगीबेरंगी, भारी कापडाची, आणि ती अशा ऐटीत बांधली की पुढे तीच फॅशन झाली! वाचताना मला त्या बायकांचे कौतुक वाटले, हसूही आले. सरकारी हुकूम पाळूनही तो कसा मोडता येतो, हे आपल्या बायकांनाही काही शिकवावे लागत नाही.

गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. दोनच वर्षांनी लुइझियानातील डेल्टा या गावी सारा ब्रीडलव्ह नावाची मुलगी जन्मली. घरात स्वतंत्र जन्मलेली ती पहिली. सातव्या वर्षी पोरकी झाली, चौदाव्या वर्षी लग्न झाले, विसाव्या वर्षी विधवा. नंतर सेंट लुइस शहरात तिने वर्षानुवर्षे लोकांचे कपडे धुतले. तिचे केस गळू लागले होते. त्यावर उपाय शोधता शोधता तिने केसांसाठी मलम तयार केले, तिसऱ्या नवऱ्याचे नाव लावून ‘मॅडम सी. जे. वॉकर’ या नावाने ते विकले, आणि १९१० साली इंडियानापोलिस येथे कारखाना काढला. हजारो कृष्णवर्णीय स्त्रिया तिच्या विक्रेत्या झाल्या. परक्या घरी भांडी घासण्याखेरीज दुसरे कामच नसलेल्या बायकांच्या हाती स्वतःचा पैसा आला. १९१९ साली ती वारली तेव्हा स्वकष्टाने श्रीमंत झालेल्या अमेरिकन स्त्रियांत तिचे नाव पहिल्या रांगेत होते.

येथे एक अडचण आहे, आणि ती मी लपवणार नाही. वॉकरबाईंच्या पद्धतीत तापवलेली लोखंडी फणीही होती. तिने केस सरळ होत. तेव्हा त्यांनी आपल्या भगिनींना गोऱ्यांची नक्कल शिकवली, असा आक्षेप त्यांच्या हयातीतच घेतला गेला. आपण केस सरळ करण्याचा नव्हे, केस निरोगी ठेवण्याचा धंदा करतो, असे त्या सांगत. मला स्वतःला निकाल देता येत नाही. १९१७ साली त्यांनी फिलाडेल्फियात आपल्या विक्रेत्या बायकांचे संमेलन भरवले. सर्वांत जास्त माल विकणारीला बक्षीस होते, तसेच समाजकार्याला जास्त देणगी देणारीलाही होते. त्या संमेलनातून बायकांनी अध्यक्ष विल्सन यांना तार केली, की कृष्णवर्णीयांना जमावाने ठार मारण्याचे प्रकार थांबवणारा कायदा करा. केसांचे मलम विकणाऱ्या बायकांची ही तार. तिला नक्कल कसे म्हणायचे?

तरीही ‘चांगले’ आणि ‘वाईट’ हा भेद मुलांच्या मनात किती खोल गेला होता, हे पुढे केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ पतिपत्नीने दाखवून दिले. त्यांनी १९४० च्या सुमारास लहान कृष्णवर्णीय मुलांपुढे दोन बाहुल्या ठेवल्या. एक गोरी, एक काळी. बाकी सर्व सारखे. चांगली बाहुली कोणती, खेळायला कोणती हवी, असे विचारल्यावर बहुतेक मुलांनी गोरी उचलली. मग विचारले, ‘तुझ्यासारखी कोणती?’ तेव्हा काही मुले रडू लागली. गोऱ्या-काळ्यांच्या शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली दिला, त्यात या प्रयोगाचा आधार घेतला होता.

हे वाचले त्या रात्री मला होस्टेलवर झोप लागली नाही. सातवीत असताना पाहुण्यांपुढे स्वागतगीत म्हणायला आम्हा मुलींना उभे केले होते. गळा माझा चांगला होता, म्हणून मी पुढच्या रांगेत होते. ऐन वेळी मला मागे नेले आणि माझ्या जागी एक गोरी मुलगी उभी केली; तिला गाणे पाठही नव्हते. शाळेचे नाव मी सांगत नाही. माझे दुःख आणि त्यांचे दुःख एकच आहे, असे म्हणण्याचा आगाऊपणाही करत नाही. त्यांच्या पूर्वजांना बाजारात विकले होते. फक्त, गोरी बाहुली उचलणारा तो हात मला ओळखीचा वाटला.

या भेदाला उघड उत्तर मिळाले ते न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात. २८ जानेवारी १९६२ रोजी तेथे एक कार्यक्रम झाला. क्वामे ब्रॅथवेट हा छायाचित्रकार, त्याचा भाऊ आणि त्यांचे कलावंत मित्र यांनी तो भरवला होता. त्यांनी ‘ग्रँडासा मॉडेल्स’ नावाने गडद रंगाच्या तरुणी व्यासपीठावर आणल्या. आफ्रिकी धाटणीचे कपडे, आणि केस जसे उगवतात तसे. फणी तापवलेली नाही, मलम चोपडलेले नाही. लोक पाहायला आले ते बरेचसे गंमत म्हणून. पण कार्यक्रमाला इतकी गर्दी झाली की त्याच रात्री तो पुन्हा करावा लागला. ‘ब्लॅक इज ब्यूटिफुल’ ही घोषणा जगभर गेली, त्यामागे ब्रॅथवेटच्या छायाचित्रांचा मोठा हात आहे.

आणि आता ७ सप्टेंबर १९६८. माझ्या मते हा सर्व विषय त्या एका दिवसात दिसतो. अटलांटिक सिटी या समुद्रकाठच्या शहरात ‘मिस अमेरिका’ स्पर्धा होती. तोपर्यंत एकाही कृष्णवर्णीय मुलीने त्या व्यासपीठावर पाऊल ठेवले नव्हते. एके काळी तर स्पर्धक गोऱ्या वंशाचीच हवी, असा लेखी नियम होता. त्या दिवशी सभागृहाबाहेर स्त्रीमुक्तिवादी तरुणींनी निदर्शने केली. बायकांना जनावरांच्या बाजारासारखे उभे करता काय, असा त्यांचा सवाल होता. त्यांनी एक कचऱ्याचा डबा ठेवला आणि त्यात उंच टाचांचे बूट, खोट्या पापण्या, केस कुरळे करण्याच्या नळ्या, घट्ट अंतर्वस्त्रे टाकली. त्यांनी अंतर्वस्त्रे जाळली असे अजून सांगतात, पण त्या दिवशी जाळले काहीच नव्हते.

त्याच रात्री, जवळच्याच एका हॉटेलात, दुसरी स्पर्धा झाली : पहिली ‘मिस ब्लॅक अमेरिका’. फिलाडेल्फियाची साँड्रा विल्यम्स ती जिंकली. तिचे केस सरळ केलेले नव्हते, आणि तिने आफ्रिकी नृत्य केले. वय एकोणीस, म्हणजे माझ्याएवढीच.

एकीकडे मुकुट नको म्हणणाऱ्या, दुसरीकडे मुकुट मागणाऱ्या! प्रथमदर्शनी वाटते की पहिल्या पुढारलेल्या आणि दुसऱ्या मागासलेल्या. मलाही तसेच वाटले होते. पण टाकून देण्यासाठी वस्तू आधी हातात असावी लागते. गोऱ्या मुलींना ‘तू सुंदर आहेस’ असे उठता-बसता ऐकवले जाई, आणि त्या ओझ्याला त्या विटल्या होत्या. कृष्णवर्णीय मुलींना ते वाक्य कोणी ऐकवलेच नव्हते. म्हणून त्यांना आधी ते मोठ्याने म्हणून घ्यावे लागले. निदर्शने करणाऱ्यांना हे दिसत नव्हते असे मात्र नाही. स्पर्धेतला वर्णभेद हा त्यांच्याही आक्षेपांपैकी एक होता, आणि त्यांच्यात फ्लोरिन्स केनेडी या कृष्णवर्णीय वकीलबाई होत्या.

कृष्णवर्णीय स्त्रियांचा स्त्रीवाद वेगळा का, याचे उत्तर मला येथे मिळाले. टोनी मॉरिसन यांनी १९७१ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये स्त्रीमुक्तीविषयी लेख लिहिला, तो याच दुराव्याबद्दल होता. त्याच्या आदल्या वर्षी त्यांची पहिली कादंबरी ‘द ब्लूएस्ट आय’ आली होती. आपले डोळे निळे व्हावेत म्हणून झुरणारी एक काळी मुलगी आणि त्या झुरण्यात झालेला तिचा नाश, असा तिचा विषय आहे. पुढे १९७७ साली बोस्टनच्या कोम्बाही रिव्हर कलेक्टिव्ह या गटाने आपले निवेदन काढले. वर्ण, वर्ग आणि स्त्री असणे या तिन्ही गोष्टी आम्हाला एकदमच भोगाव्या लागतात, त्या सोडवून वेगळ्या करता येत नाहीत, असे त्यांनी मांडले. ॲलिस वॉकर यांनी १९८३ साली ‘वुमनिस्ट’ असा वेगळाच शब्द रूढ केला. आपल्याकडे हे वारे पोचलेच नव्हते असे नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना. आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली ती तेथील ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. डॉ. जनार्दन वाघमारे यांनी तर हे साहित्य मराठी वाचकांपुढे मांडण्यासाठी पुष्कळ लिहिले. तेथील स्त्रियांबद्दल मात्र आपण त्या मानाने कमीच बोललो.

१९७० साली अँजेला डेव्हिस या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिकेचे चित्र अमेरिकेत भिंतीभिंतीवर लागले. सरकारने तिला ‘पाहिजे असलेल्या’ दहा गुन्हेगारांच्या यादीत घातले होते. डोक्याभोवती गोल प्रभावळीसारखे केस, ज्याला ‘ॲफ्रो’ म्हणतात, ही तिची खूण. तशाच केसांच्या कितीतरी निरपराध स्त्रियांना पोलिसांनी अडवले. १९७२ साली ती निर्दोष सुटली. नंतर काय झाले? तिच्या केसांचे पोशाखी मासिकांतून अनुकरण होऊ लागले. आपले विचार बाजूला राहिले आणि आपण एक केशरचना म्हणून लोकांच्या लक्षात राहिलो, अशी खंत तिने १९९४ साली एका लेखात बोलून दाखवली. शैली आणि विचार यांची फारकत व्हायला वेळ लागत नाही.

आता ज्या प्रकरणावरून लेखाला नाव दिले, ते. रेने रॉजर्स ही अमेरिकन एअरलाइन्समध्ये नोकरी करणारी कृष्णवर्णीय स्त्री. ती डोक्याला चिकटून गुंफलेल्या बारीक वेण्या घालू लागली. कंपनीच्या नियमात तशा वेण्यांना मनाई होती. तिने खटला भरला : ही केशरचना आमच्या स्त्रियांचा वारसा आहे, म्हणून ही मनाई वर्णभेद आहे आणि स्त्री म्हणूनही भेदभाव आहे. १९८१ साली न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने तिचे म्हणणे फेटाळले. न्यायालयाचा तर्क असा, की ॲफ्रो हे केस नैसर्गिक आहेत, त्यांवर बंदी घातली तर कदाचित प्रश्न येईल. पण वेणी ही माणसाने घातलेली असते, ती सोडताही येते. शिवाय कंपनीने तोडगा सुचवलाच होता : कामाच्या वेळात वेण्या मागे बांधून अंबाडा घालावा व त्याभोवती गंगावन गुंडाळावे. म्हणजे स्वतःचे केस झाकायचे आणि दुसऱ्याचे मिरवायचे!

सर्वांत झोंबणारा भाग पुढेच आहे. बो डेरेक या गोऱ्या नटीने १९७९ सालच्या ‘टेन’ या चित्रपटात अशाच वेण्या घातल्या होत्या व त्या फार गाजल्या होत्या. कंपनीने न्यायालयात म्हटले, की रॉजर्सबाईंनी वेण्या घातल्या त्या हा चित्रपट गाजल्यावर, आणि निकालपत्रातही त्याचा उल्लेख आला. शतकानुशतके आईने मुलीच्या डोक्यावर घातलेली वेणी कागदोपत्री एका गोऱ्या नटीची झाली. खरे तर सिसिली टायसन या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने त्या वेण्या त्याआधी कितीतरी वर्षे लोकांपुढे मिरवल्या होत्या.

वर्णभेदाचा कायदा वेगळा, स्त्रियांचा वेगळा, आणि दोहोंच्या मध्ये उभी असलेली बाई कुठल्याच कायद्यात बसत नाही. किंबर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या अभ्यासिकेने १९८९ साली या स्थितीला ‘इंटरसेक्शनॅलिटी’ हे नाव दिले. मराठीत त्याला काय म्हणावे हे आमच्या सरांनाही पटकन सांगता आले नाही. मला ‘तिठा’ हा शब्द सुचतो. तिठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला गाडी कुठूनही येऊन धडकते.

वेणीला कायद्याचे संरक्षण मिळायला त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे लागली. कॅलिफोर्नियाने २०१९ साली ‘क्राउन’ कायदा केला. वेणी, जटा, ॲफ्रो यांवरून नोकरीत किंवा शाळेत भेदभाव करता येणार नाही, असे त्यात आहे. क्राउन म्हणजे मुकुट. नाव मोठे खुबीने शोधले आहे. पुढे वीसहून अधिक राज्यांनी असे कायदे केले. सगळ्या देशासाठीचे विधेयक मात्र २०२२ साली खालच्या सभागृहात मंजूर होऊनही वरच्या सभागृहात अडले.

दरम्यान पडद्यावर आणि पानांवर पुष्कळ काही घडत होते. त्याची सारी यादी येथे देत नाही. ‘एसेन्स’ हे कृष्णवर्णीय स्त्रियांचे मासिक १९७० साली निघाले. अमेरिकन ‘व्होग’च्या मुखपृष्ठावर कृष्णवर्णीय स्त्री, बेव्हर्ली जॉन्सन, प्रथम आली ती १९७४ साली. मला स्वतःला सर्वांत भिडला तो २०१४ सालच्या एका दूरचित्रवाणी मालिकेतला प्रसंग. व्हायोला डेव्हिस वकीलबाईची भूमिका करते. रात्री ती आरशापुढे बसते, दागिने काढते, मग टोप काढते, पापण्या काढते, तोंड पुसते. संवाद जवळजवळ नाहीच. हा प्रसंग असावा असा आग्रह तिने स्वतः धरला होता. २०१८ सालच्या ‘ब्लॅक पँथर’ चित्रपटात ओकोये ही सेनानी वेषांतरासाठी घातलेला टोप मारामारीत शत्रूच्या तोंडावर भिरकावते. तेथे मी टाळी वाजवली. २०१९ साली दक्षिण आफ्रिकेची झोझिबिनी टुन्झी अगदी बारीक कापलेल्या स्वतःच्या कुरळ्या केसांनिशी विश्वसुंदरी झाली. सौंदर्यस्पर्धा मुळात हव्यात कशाला, हा १९६८ सालचा प्रश्न अर्थात शिल्लक आहेच. आणि २०२२ साली केतांजी ब्राउन जॅक्सन अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात बसल्या, तेथे बसणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. त्यांच्या केसांच्या बारीक पिळदार बटा आहेत. ज्या देशात न्यायालयाने वेणी नाकारली, तेथे तशा केसांची बाई न्यायासनावर आहे.

आपल्याकडेही त्या वाऱ्याची एक झुळूक आली होती. २०२० साली अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला, जगभर निदर्शने झाली, आणि आपल्याकडच्या एका घराघरांत पोचलेल्या क्रीमने नावातला ‘फेअर’ हा शब्द काढून टाकला. नळी तीच आहे. माझ्या मावशीच्या कपाटात ती अजूनही असते, आणि मी गेले की ती माझ्यापुढे सरकवते.

दिवाळीच्या सुटीत आईने डोक्याला तेल लावून माझी वेणी घातली. तेव्हा मी तिला रेने रॉजर्सची गोष्ट सांगितली. पेड घालता घालता तिचा हात थांबला. म्हणाली, “वेणी घातली म्हणून कोर्टात जावं लागलं? आमची सासू तर केस मोकळे सोडले की शिव्या घालायची.” मग थोड्या वेळाने, “आणि ते गंगावन कुणाच्या केसांचं होतं गं?” असे विचारून तिने फणीतला गुंतवळ काढला आणि पुरचुंडीत बांधून ठेवला.